‘चूक’ बेटावर जायचं म्हणतोय

पत्र: ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय ३४. गावात कृषी केंद्र चालवतो, सात एकर वावर आहे. आमचे आबाजी जवानीत गावचे पाणबुडे होते. कोणाची बादली पडली, कोणाचा पाण्याचा गुंड पडला, की लोक त्यांना बोलवायचे. एकदा एका बाईचं मंगळसूत्र विहिरीत पडलं, तर ते तीन दिवस बुड्या मारत होते. ते वेड माझ्यात उतरलं असावं. मालवणला पहिल्यांदा स्कुबा केलं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली गेलो, मग दोन वर्षांपूर्वी अंदमानात ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. आतापर्यंत ११ डायव्ह झाल्या. आता मनात एकच आहे. पॅसिफिकमधल्या चूक बेटावर जायचं आणि दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जहाजं आत शिरून बघायची. येत्या फेब्रुवारीत, तूर निघाली की. सहा लाख जमवलेत. सोबत चुलतभाऊ येतो म्हणतो. त्याला पोहता येतं, डायव्हिंग तिथेच शिकेल. बायको म्हणते, “बेटाच्या नावातच चूक हाय, अन् तुमी बह्याड झाले. तिथं काई झालं तं काढन कोन?” तयारी काय करू? सामान काय नेऊ? आणि तिथून एखादी छोटी वस्तू आठवण म्हणून आणता येते का? (पाण्याचा वेडा, ता. दारव्हा)

भाऊ, आधी नावाचं निकालात काढू. तिथल्या भाषेत ‘चूक’ म्हणजे डोंगर. वहिनींना एवढं सांगून बघा, मात्र त्यांचा दुसरा प्रश्न त्याने सुटत नाही. ‘काढन कोन?’ हा तुमच्या अख्ख्या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही चेष्टेवारी नेलाय. माझं सगळं उत्तर त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

मी मूळची आर्वीची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी विहिरीत ढकललं, तिथून माझं पोहणं सुरू झालं. पुढे समुद्रात लोकांना डायव्हिंग शिकवण्यात बरीच वर्षं गेली. म्हणून विहिरीवरच्या माणसाला समुद्र का बोलावतो, हे मला समजावून सांगायची गरज नाही. समुद्र नुसता बघायचा तरी आपल्याला रात्रभर गाडीत बसावं लागतं. जायचं की नाही, हा वाद मी घालणारच नाही. जा. पण येत्या फेब्रुवारीत नाही, चुलतभावाला घेऊन नाही, आणि ११ डायव्हच्या जोरावर जहाजाच्या पोटात तर अजिबात नाही.

तुम्ही निवडलेली जागा काय आहे, ते आधी बघू. चूक हे मायक्रोनेशिया देशातलं एक राज्य. जुन्या पुस्तकांत त्याला ‘ट्रक’ म्हणायचे. भोवती प्रवाळाचं मोठं कडं, आत शांत पाण्याचं लगून आणि त्यात डोंगराळ बेटं. पहिल्या महायुद्धात ही बेटं जपानच्या ताब्यात गेली आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी आरमाराचा मोठा तळ इथे होता. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ या दोन दिवसांत अमेरिकेच्या विमानांनी त्यावर हल्ला केला. बड्या युद्धनौका आधीच निघून गेल्या होत्या. उरली ती बहुतेक मालवाहू जहाजं, तेलवाहू जहाजं आणि काही छोट्या युद्धनौका. चाळीसहून जास्त जहाजं बुडाली, अडीचशेच्या आसपास विमानं गेली, हजारो माणसं मेली. मालवाहू जहाजं होती म्हणूनच डायव्हरला तिथे एवढं बघायला मिळतं. फुजिकावा मारू या जहाजाच्या फळक्यात, म्हणजे माल ठेवायच्या पोटात, जपानच्या ‘झिरो’ लढाऊ विमानांचे सांगाडे अजून पडलेले आहेत. डेक साधारण १५ ते १८ मीटरवर, तळ ३४ मीटरच्या आसपास. पाणी बाराही महिने कोमट, २८-२९ अंश. जहाज सरळ उभं आहे, वर प्रवाळ उगवलंय. एवढं ऐकून कुणाचंही मन सुटेल.

पण सगळी जहाजं अशी नाहीत. सान फ्रान्सिस्को मारूच्या डेकवर रणगाडे आहेत, तुम्ही त्यांचेच फोटो बघितले असणार. तो डेक पन्नास मीटरच्या आसपास खोल आहे. तुमच्या ओपन वॉटर कार्डावर मर्यादा १८ मीटरची. ॲडव्हान्स्डचा कोर्स केला तर ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४०. त्याखाली जायचं तर वेगळा वायू, वेगळं प्रशिक्षण आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणं. म्हणजे आज तुम्ही तिथे गेलात तर कार्डाप्रमाणे फुजिकावाच्या डेकवर जेमतेम पोचाल, आणि ज्याच्यासाठी सहा लाख जमवले त्या आतल्या अंधाराकडे दारातून बघत राहाल. तुम्ही तेवढ्यावर थांबणार नाही, हे तुमच्या पत्रावरूनच कळतंय. माझी भीती तीच आहे.

आता आबाजींकडे येते. ते अजून आहेत का, हे तुम्ही लिहिलं नाही. असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि एकच विचारा: विहिरीत उतरायच्या आधी तुम्ही काय करायचे? मला खात्री आहे, ते बुडी कशी मारायची हे सांगणार नाहीत. दोर कुठे बांधायचा, वर कोण उभा राहायचा, दोराला किती झटके दिले की ओढायचं, हे सांगतील. जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची रीत तुम्हीही पाहिली असेल. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात जी बातमी येते तीही तुम्हाला पाठ असेल. विहिरीत इंजिन लावलं होतं, एक जण उतरला तो वर आला नाही, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. पहिल्याला हवेने मारलं, बाकीच्यांना घाईने. बुडालेल्या जहाजातले अपघात मी जेवढे अभ्यासले, त्यांतले बरेचसे याच घडणीचे आहेत.

विहिरीवरच्या माणसाची एक सवय मात्र घरी सोडून जावी लागते, ती म्हणजे दम धरणं. आपण लहानपणापासून तेवढंच शिकलो. कोण जास्त वेळ खाली राहतो, यावर पैजा लावल्या. स्कुबात हीच सवय जिवावर उठते. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा दम धरून वर आणली, तर पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस काही फुगा नाही. कोर्समध्ये हे तुम्हाला शिकवलंय. पण घाबरलेला माणूस कोर्स विसरतो आणि लहानपणाची सवय वर येते. माझ्या हाताखाली शिकलेल्यांत गावातली पट्टीची पोहणारी पोरं सगळ्यात धीट असायची, आणि त्यांनाच मी सगळ्यात जास्त ओरडायचे. विहिरीत एकट्याने दम धरायचा सरावही आता बंद करा. त्यात माणूस न धडपडता बेशुद्ध होतो, काठावरच्याला कळतही नाही.

दुसरी गोष्ट गाळ. विहिरीच्या तळाला पाय लागला की पाणी कसं होतं? हाताची बोटं दिसत नाहीत. पण विहिरीत वर आभाळ असतं, पाय मारला की माणूस वर. जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत ऐंशी वर्षांचा बारीक गाळ आणि गंज साचलेला असतो. फिनचा, म्हणजे पायातल्या रबरी पंखाचा, एक फटकारा, इतकंच काय, तुमच्या श्वासाच्या बुडबुड्यांनी छताचा गंज सुटला तरी, समोरचं दार नाहीसं होतं. वर जायचं तर डोक्यावर लोखंड. मी एकदा हे अनुभवलंय, आणि तेही चुकून आत गेले म्हणून नव्हे, रीतसर शिकत असताना. हातात दोर होता. त्या दोराच्या आधाराने बाहेर यायला फार तर दोन मिनिटं लागली असतील, पण त्यानंतर तो आठवडा मी पाण्यात उतरले नाही.

हा दोर एका छोट्या चक्रीवर गुंडाळलेला असतो, संक्रांतीला मांज्याची असते तसलीच समजा. आत जाताना सोडत जायचा, दर वळणावर गुंडाळून पक्का करायचा, येताना त्यालाच धरून गुंडाळत यायचं. याचा सराव पाण्याबाहेरही होतो आणि चांगले शिक्षक तो आधी जमिनीवरच करून घेतात. तुमच्यासाठी मी जागासुद्धा शोधून ठेवलीय, तुमचं गोदाम. युरियाच्या आणि डीएपीच्या थप्प्यांमधून, फवाऱ्याच्या पंपांच्या खोक्यांमागून, दारापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी बांधत जा. गुडघ्याच्या उंचीवर, दर थप्पीला एक वेढा. मग दिवे बंद करा, डोळ्यांवर दुपट्टा बांधा आणि अंगठा आणि पहिलं बोट यांची कडी करून त्या सुतळीला धरून बाहेर या. सुतळी ओढायची नाही, तिच्यासोबत फक्त सरकायचं. पहिल्यांदा तुम्ही एखादा वेढा ओढून सैल कराल आणि सुतळी दोन थप्प्यांच्या फटीत जाऊन अडकेल. तुमचा हात जाईल पण अंग जाणार नाही, अशा फटीत. जहाजात माणसं तशीच अडकतात. वीसदा करा. पोराला घड्याळ घेऊन दारात उभं करा. कीटकनाशकांची कपाटं ज्या बाजूला आहेत ती बाजू मात्र सोडा, वहिनी मला शिव्या देतील.

हवेचा हिशोबही जहाजात वेगळा. ३० मीटरवर दाब चार वातावरणांचा, म्हणजे वर जेवढी हवा लागते त्याच्या चौपट वेगाने टाकी रिकामी होते. आत शिरायचं असेल तर रीत अशी की एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश शिल्लक, तुमच्या किंवा जोडीदाराच्या अडचणीसाठी. नवा डायव्हर घाबरत, हापसत श्वास घेतो, त्यामुळे त्याचा पहिला तृतीयांश दारातच संपतो. ११ आणि ६० डायव्हमधला फरक मला विचाराल तर हाच. साठाव्या डायव्हला माणूस पाण्यात काही न करता लटकून राहू शकतो, हातपाय न हलवता. एवढं आलं की अर्धं जहाज तुमचं.

टाकीत हवा कोणती भरली आहे, तेही बघा. एका बेटावर एका दुकानाचा कॉम्प्रेसर आणि त्याचं डिझेल इंजिन एकाच टपरीत होतं, आणि इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी जात होता. मला खाली पंधराव्या मिनिटाला डोकं दुखायला लागलं आणि मी वर आले. विहिरीतला कंदील ऑक्सिजन कमी आहे हे सांगतो, पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्या कंदिलालाही कळत नाही, आणि खोल पाण्यात त्याचा परिणाम दाबाच्या पटीत वाढतो. म्हणून कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी कॉम्प्रेसर कुठे आहे ते बघायला मागायचं, नळीचं तोंड कुठे उघडतं ते बघायचं, टाकीची हवा थोडी सोडून वास घ्यायचा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, पण धुरासोबत डिझेलचा येतो. दुकानदाराला राग आला तर दुकान बदला.

आता तब्येत. कान, दमा, रक्तदाब, तंबाखू हे सगळं फॉर्मवर असतं. तिथे खोटं लिहू नका, खर्रा खात असाल तर आजपासून सोडा. पण आपल्या भागातल्या माणसाला मी फॉर्मच्या पलीकडचं एक विचारते: सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का? विदर्भात हा आजार किती घरांत आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तेव्हापासून गावोगाव तपासण्या होतात. ग्रामीण रुग्णालयात जाऊन करून घ्या. आजार असेल तर डायव्हिंगचा विषय तिथेच संपला. नुसते वाहक असाल तर एरवी आयुष्यभर काही जाणवत नाही, पण ऑक्सिजन कमी पडणं, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, अशा वेळी वाहकालाही त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा डायव्हिंग कळणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुलतभावाचीही करा. नाही तरी करायला पाहिजेच.

चुलतभावाचं थोडक्यात. पाण्यात जोडीदार म्हणजे तुमची दुसरी टाकी. जो स्वतः पहिल्यांदा श्वास घ्यायला शिकतोय, तो तुम्हाला हवा काय देणार? त्याला घेऊन चूकला जाणं म्हणजे दोघांपैकी एकालाही दोराचं दुसरं टोक नसणं. त्याला आधी मालवणला न्या, मग अंदमानला. आवडलं तर पुढचं.

आणि आता वहिनींचा प्रश्न. अंदमानात काही झालं तर विमानं रोज आहेत, भाषा आपली आहे, फोन लावला तर उचलणारा माणूस आहे. चूक तसं नाही. जायचा नेहमीचा रस्ता ग्वामवरून, तिथून युनायटेडचं विमान, साधारण दोन तास. रोज विमान असेलच असं नाही. मायक्रोनेशियात ३० दिवसांपर्यंत राहायला व्हिसाची कटकट नाही, पण ग्वाम अमेरिकेचं आहे आणि नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्यासाठी मुंबईला मुलाखत, आणि तिची तारीख कधी कधी महिनोन् महिने मिळत नाही. येत्या फेब्रुवारीला हे एकटंच पुरेसं उत्तर आहे. व्हिसाच्या आधी तिकीट काढू नका. मी काढणारे बघितले आहेत.

खाली अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे घाईने वर आल्यावर बुडबुडे होतात. हा त्रास, ज्याला डायव्हर ‘बेंड्स’ म्हणतात, तो झाला तर दाबाच्या चेंबरमध्ये झोपवून उपचार करावे लागतात. बुकिंगच्या आधी बोटवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न खोलीत एसी आहे का हा नाही. चेंबर कुठे आहे, या महिन्यात चालू आहे का, चालवणारा माणूस बेटावर आहे का, आणि नसेल तर मला कुठे नेणार? उत्तर लेखी मागा. ‘काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर काळजी करा. नेहमीच्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुतेकदा नसतं, असलं तर ठरावीक खोलीपर्यंतच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थांचा खास डायव्हिंगचा विमा मिळतो. रुग्णविमानाचा खर्च त्यात आहे का, ते ओळ न ओळ वाचा. पिकविम्याचे कागद वाचायची सवय आहेच तुम्हाला. तशीच बारीक नजर इथे लावा. मग एका कागदावर चेंबरचं ठिकाण, विम्याचा नंबर, बोटवाल्याचा फोन, ग्वामच्या विमानाचे वार हे सगळं मराठीत लिहा आणि वहिनींच्या हातात द्या. ‘काढन कोन’चं उत्तर त्या कागदावर नावासकट आलं पाहिजे. आलं नाही, तर त्या वर्षी जायचं नाही.

परतीच्या विमानाचंही यातच येतं. रोज बऱ्याच डायव्ह केल्यानंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, आणि थांबे घेत वर यावं लागणाऱ्या खोल डायव्ह केल्या असतील तर त्याहून जास्त. म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवा. चूकमधल्याच वेनो बेटावर डोंगरावर जपान्यांच्या काळातलं दीपगृह आहे, चढून या. आपल्याकडचे लोक पैसे वसूल करायला शेवटच्या सकाळीही एक बुडी मारतात. ती मारू नका.

पैशाचं बोलू. नागपूर ते चूक जाऊन-येऊन विमानं दीड-दोन लाख खातील. आठवडाभराची बोट घेतली, जिच्यावरच राहायचं-खायचं आणि जिथून डायव्ह करायच्या, तर तीन-चार लाख. हॉटेलात राहून रोज बोटीने गेलं तर कमी. त्यात विमा, व्हिसा, दिवे, स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र. म्हणजे तुमचे सहा लाख अगदी काठोकाठ. आता तुमचा धंदा बघा. खरिपाचं बियाणं-खत तुम्ही एप्रिल-मेमध्ये भरता आणि उधारी वसूल होते ती लोकांचा कापूस विकला गेल्यावर. एखाद्या वर्षी बोंडअळीने किंवा पावसाने घात केला तर ती येतही नाही. सहा लाख फेब्रुवारीत समुद्रात घातले आणि मेमध्ये कंपनीला द्यायला हात आखडला, तर वहिनी जे म्हणतील त्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून आठ लाख होईपर्यंत थांबा, आणि दुकानाचं खातं वेगळं, डायव्हिंगचं वेगळं.

मधल्या काळात काय? येत्या फेब्रुवारीत, तूर निघाली की अंदमानलाच जा. ॲडव्हान्स्डचा कोर्स करा, तरंगण्यावर ताबा मिळवण्याचा सराव करा, आणि बुडालेल्या जहाजांचा प्राथमिक कोर्स बाहेरून, म्हणजे जहाजाभोवती फिरून करा. दहा दिवसांत वीस-बावीस डायव्ह होतात. रोज संध्याकाळी वहीत लिहा: किती खोल, किती मिनिटं, किती हवा उरली. शेवटच्या आकड्याकडे लक्ष ठेवा, तो वाढत गेला पाहिजे.

त्याच्या पुढच्या वर्षी फिलिपिन्समधलं कोरोन. माझ्या मते तुमच्यासाठी खरी जागा ती आहे, आणि चूकच्या नावाने वेडी झालेली माणसं तिच्याकडे उगाच दुर्लक्ष करतात. २४ सप्टेंबर १९४४ ला तिथेही अमेरिकी विमानांनी जपानी जहाजं बुडवली. तिथली जहाजं बरीचशी हौशी डायव्हरच्या आवाक्यातली, काही तर इतकी उथळ की नुसता मास्क लावून वरून दिसतात. मनिलाहून विमानाने तासभर. कोरडा हंगाम नोव्हेंबरनंतर, म्हणजे तुमच्या रिकाम्या महिन्यांशी जुळतो. तिथे कोग्यो मारू नावाचं जहाज कुशीवर पडलंय. विमानतळ बांधायचं सामान घेऊन आलं होतं. त्याच्या पोटात सिमेंटच्या पोत्यांच्या थप्प्या तशाच आहेत. सिमेंट पोत्याच्या आकारात दगड झालंय. तुम्ही जन्मभर पोती मोजलेला माणूस, तुम्हाला ती थप्पी दिसली की किती नग आहेत ते मोजायचा मोह होईल. मोजा. फक्त हवेकडे बघत मोजा.

जवळचंच म्हणून काही जण श्रीलंका सुचवतील. बट्टिकलोआजवळ एचएमएस हर्मिस ही ब्रिटिश विमानवाहू नौका आहे, ९ एप्रिल १९४२ ला जपान्यांनी बुडवली. पण ती पन्नास मीटरच्या पलीकडे आहे आणि त्या किनाऱ्याचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा, म्हणजे नेमका तुमचा पेरणी-फवारणीचा. तुमच्यासाठी नाही.

या दोन वर्षांत साठ-सत्तर डायव्ह झाल्या, आत शिरायचं शिक्षण झालं, की मग चूक. महिना म्हणाल तर जानेवारी ते मार्च तिथे पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो. पॅसिफिकची वादळं जास्त करून वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात येतात. तुमचा फेब्रुवारी बरोबरच आहे, साल तेवढं चुकलंय.

सामानाचं फार नाही. मास्क आणि रेग्युलेटर स्वतःचे, बाकी तिथे भाड्याने. दिवे तीन, कारण आत दोन बंद पडू शकतात. डाळ-तांदूळ-मासे मिळतात, शाकाहारी असाल तर कंटाळाल. शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या आणि ग्वामच्या कस्टमला न लपवता सांगा. संत्री मात्र कितीही प्रेमाने कुणी दिली तरी नेऊ नका, ताजी फळं तिथे काढून घेतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आठवणीचा. नाही. बशी नाही, बाटली नाही, काडतूस तर हातही लावायचा नाही. कायद्याने बंदी आहे, आणि काही जहाजांत जिवंत दारूगोळा अजून आहे, तो ऐंशी वर्षांत सुधारलेला नाही, बिघडलेला आहे. पण मला कायद्यापेक्षा वेगळं म्हणायचंय. त्या जहाजांत माणसं मेली आहेत आणि सगळ्यांची हाडं वर आलेली नाहीत. काही घरांची दोन पिढ्यांपासूनची वाट तिथे संपते. तुमचे आबाजी विहिरीतून वस्तू काढायचे ती ज्याची त्याला द्यायला. इथून आणलेली बशी तुम्ही कोणाला द्याल? शोकेसमध्ये ठेवाल, पाहुण्याला दाखवाल. गाईडलाही आधीच सांगून ठेवा की मला काही दाखवायला उचलू नको. काही गाईड बक्षिसाच्या आशेने उचलतात.

फोटो काढा पाहिजे तेवढे. पण तोही आत पहिल्या दहा डायव्ह होईपर्यंत नको. कॅमेऱ्याच्या पडद्यात बघणारा माणूस दोर सोडतो.

तर येत्या आठवड्यात सिकलसेलची तपासणी, गोदामात सुतळी आणि अंदमानच्या तिकिटाची चौकशी, एवढं करा. आणि आबाजी असतील, तर त्यांच्याकडे बसाल तेव्हा माझ्याकडून एक विचारा, पत्र वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये. तिसऱ्या दिवशी ते मंगळसूत्र सापडलं का?